घोडी उधळते, ती कशाने?

काही घोडी अंगणात गाईसारखी गरीब असते. पण खोगीर घालून गावाबाहेर काढली, की कान टवकारते, फुरफुरते आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की चौखूर उधळते. अशा घोडीला नाठाळ ठरवून फटके देण्याची आपल्याकडे चाल आहे. फटक्याने ही खोड मोडत नाही, उलट वाढते. घोडी उधळते ती भीतीने किंवा दुखण्याने. पळणे हेच तिचे संरक्षण आहे.

दौंड तालुक्याचे जुने नाव भीमथडी. येथल्या काटक भीमथडी घोड्याला 2023-24 मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. हीच घोडी धनगराच्या वाड्यावर पाहावी. पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि कोकरे. तरी ती वाहनांच्या कडेने निमूट चालते. कारण शिंगरू असल्यापासून ती आईमागे हेच पाहत आलेली असते.

याउलट शिरूरकडे बैलगाड्यापुढे पळणारी घोडी. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि घाट गाजू लागले. घाटात आरोळी उठली की पळायचे, हे तिला आपणच शिकवतो. मग वरातीच्या गोंगाटात ती उधळली, तर दोष तिचा कसा?

प्रथम दुखणे शोधावे. दाढांच्या कडा धारदार होऊन गाल कापतात, तेव्हा लगाम ओढताच कळ येते. वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून दात तपासून घ्यावेत. खोगिराखाली पाठ दाबून पाहावी. डोळे, खूर व नाल पाहावेत. काटेरी लगाम वापरू नये. 1965 च्या नियमांनीच त्यास मनाई आहे.

नंतर चंदी पाहावी. दिवसभर बांधून हरभरा-मका भरपूर घालायचा आणि आठवड्याने एकदा बाहेर काढायचे, हे बरे नव्हे. काम नसेल तेव्हा दाणा हळूहळू कमी करून गवत-कडबा द्यावा व रोज फिरवावे.

शिकवणी पायरीपायरीने करावी. आधी मोकळ्या रानात लांब दोराने काव्यावर धरावी. थांब म्हणताच थांबली की लगेच ढील द्यावी व मान थोपटावी. मग स्वार न होता हाती धरून रस्त्याकडे न्यावी. बंद उभा ट्रॅक्टर लांबून दाखवावा. ती मान खाली घालून तोंड हलवू लागली की चार पावले जवळ न्यावी. पुढे सुरू इंजिन, मग चालता ट्रॅक्टर. सोबत एखादे शांत वयस्कर घोडे असावे. घराकडे परतताना नेहमी चालत आणावी; दौडत आणल्यास घर दिसताच पळण्याची सवय लागते.

स्वाराखाली उधळलीच, तर दोन्ही लगाम सतत ओढून धरू नयेत. ती त्यावरच जोर देऊन पळते. खोलवर बसावे, एक लगाम आखडून दुसऱ्याने थोडे ओढावे, सोडावे, पुन्हा ओढावे. मोकळे रान मिळताच मोठ्या वळणाने फिरवत वर्तुळ लहान करावे. डांबरी रस्त्यावर एकदम वळवू नये. नाल घसरून दोघेही पडतात. बघणाऱ्यांनी मागे धावू नये, ओरडू नये, वाहने थांबवावीत.

स्वाराने हेल्मेट घालावे. मुलांना अशा घोडीवर बसवू नये आणि तिला वरातीला तर मुळीच देऊ नये. काही आठवडे रोज नेमाने मेहनत घेतल्यास बहुतेक घोड्या निवळतात. एखादी नाहीच निवळली, तर स्वारी बंद ठेवावी. विकायचीच झाली, तर खोड सांगून विकावी. घेणाऱ्याच्या घरीही लेकरेबाळे असतात.