जिथे सफरचंद पडत नाही

एका वाचकाचा प्रश्न आहे: विद्युतचुंबकत्व आणि अणुकेंद्रातली दोन्ही बलं ‘गेज सिद्धान्ता’त बसतात, मग गुरुत्वाकर्षणच पंक्तीबाहेर का?

पूर्वी मुंबईची घड्याळं मद्रासच्या अर्धा तास मागे असत. गावोगावी वेळ वेगळी असायला हरकत नाही. फक्त या गावाहून त्या गावी जाताना काटे किती हलवायचे ते ठरलेलं हवं. आता समजा, चार गावं फिरून घरी आलात, काटे दरवेळी नेमके हलवले, तरीही तुमचं घड्याळ घरच्या घड्याळाशी जुळेना. घड्याळांत असं होत नाही. निसर्गात होतं, आणि गेज सिद्धान्तानुसार ती तफावत म्हणजेच बल. (भौतिकशास्त्रात याहून देखणी कल्पना मला तरी माहीत नाही.)

१९५४ साली यांग आणि मिल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी ही कल्पना विद्युतचुंबकत्वापलीकडे नेली. त्यांची नावं पाठ्यपुस्तकांत आहेत. र्योयु उतियामा यांचं क्वचितच दिसतं. ओसाकाच्या या संशोधकाने त्याच सुमारास स्वतंत्रपणे हे गणित केलं होतं, तेही कोणत्याही सममितीला लागू पडेल असं आणि गुरुत्वाकर्षणाला सामावून घेणारं. प्रिन्स्टनला गेल्यावर यांग यांचं काम पाहून ते निराश झाले, आपलं बाजूला ठेवून बसले. छापलं गेलं ते १९५६ मध्ये. एवढ्या उशिरापायी नाव मागे पडलं. झेप मात्र त्यांचीच मोठी होती, असं मी म्हणेन. त्यांच्या मांडणीतला राहिलेला दुवा भौतिकशास्त्रज्ञ किबल यांनी १९६१ मध्ये जोडला.

तरी अडलं ते मितींपाशी. अवकाशाच्या दोन आणि काळाची एक, अशा तीन मितींत आइन्स्टाइनची समीकरणं तंतोतंत गेज सिद्धान्त होतात. भौतिकशास्त्रज्ञ विटन यांनी १९८८ मध्ये त्याचं पुंजरूपही (क्वांटम रूपही) सोडवून दाखवलं. पण त्या विश्वात गुरुत्वीय लहरी नाहीत, आणि स्थिर वस्तू एकमेकींना ओढत नाहीत. न्यूटनचं सफरचंद तिथे पडायचंच नाही! आपल्या चार मितींत मात्र स्थानांतराची सममिती (जागा बदलली तरी नियम तेच राहणं) गेज सिद्धान्ताच्या सूत्रात तशी चपखल बसत नाही. तरी शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये नवी चलं योजून आइन्स्टाइनचा सिद्धान्त यांग-मिल्सच्या भाषेत आणला. पण त्याच्या पुंजरूपाचं काम अजून पुरं झालेलं नाही.

म्हणून गुरुत्वाकर्षणाचे मथळे वाचताना मी आधी मिती मोजतो. २०२२ मध्ये क्वांटम संगणकावर कृमिविवर (वर्महोल) साकारल्याची बातमी गाजली. प्रयोग होता नऊ क्यूबिटांचा, आणि त्यामागचं गुरुत्वाकर्षण अवकाशाच्या एकाच मितीतलं.