डॉ. आनंदीबाईंचे बालपण : दाखला आणि आख्यायिका

पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी पदवी संपादन करणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, हे सर्वमान्य आहे. परंतु तो कल्याणास झाला की पुण्यास, याविषयी चरित्रलेखकांत एकवाक्यता नाही, आणि जन्मनोंदणी देशभर सक्तीची करणारा कायदाच मुळी १९६९ चा असल्यामुळे सरकारी दप्तरातून त्याचा निवाडा होणेही दुरापास्त. बालपण कल्याणात गेले, एवढे मात्र निर्विवाद.

अधिक विचारणीय प्रश्न प्रेरणेचा आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच दगावले आणि त्या शोकातून वैद्यकविद्येचा संकल्प उदय पावला, ही हकिकत आपल्या मनावर ठसली, त्यात श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीचा वाटा मोठा. पण कादंबरी कितीही सरस असली तरी तो अस्सल कागद नव्हे. बंगालमधील श्रीरामपूर येथे १८८३ साली केलेल्या भाषणात खुद्द आनंदीबाईंनी सांगितलेले कारण निराळे होते : या देशाला हिंदू स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, आणि ते काम आपण अंगावर घेतो. अठराव्या वर्षीच्या या विचारपूर्वक निश्चयाला आपण केवळ अपत्यशोकाचे फलित मानतो, तेव्हा तिच्या बुद्धीवर अन्याय करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कल्याणातील जुन्या घराण्यांत त्या काळची पत्रे, वंशावळी वा जन्मटिपणे असतील, तर ती रद्दीत न घालता अभ्यासकांना अवश्य दाखवावीत.