खुरपं गेलं कुठे?

बागेत सगळ्यात आधी हरवतात ती हिरव्या मुठीची खुरपी आणि छाटणीच्या कात्र्या. पानांत त्या दिसतच नाहीत. मुठीला लाल किंवा भगवा ऑइलपेंट लावा, नाहीतर रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. हातमोज्यांची जोडी चिमट्यात अडकवून नळाजवळच्या खिळ्याला टांगावी. काम संपलं की हात धुवायला तिथेच यावं लागतं. कुंडीआड विसरलेल्या मोज्यात विंचू किंवा गोम शिरू शकते, तेव्हा तो झटकल्याशिवाय घालू नका. आणि मोजे सापडेनात म्हणून उघड्या हातांनी माती उकरणं तर टाळाच: धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, साध्या काट्याच्या जखमेतूनही ते शरीरात जातात. या आजारावरच्या लसीचा वर्धक डोस मोठ्या माणसांनी दर १० वर्षांनी घ्यायचा असतो.