उतारा काय सांगतो, काय सांगत नाही : माहितीपर उताऱ्यांच्या आकलनाचा सराव



शे-दीडशे शब्दांचा माहितीपर उतारा हा वाचनाच्या सरावातील सर्वांत सोपा प्रकार आहे, असा समज सर्वत्र आढळतो. त्यात अलंकार नसतात, कवीच्या मनोवस्थेचा शोध घ्यावा लागत नाही, कठीण शब्दही थोडेच असतात. तरीही उत्तरपत्रिका तपासताना असे दिसते की कवितेचे रसग्रहण बऱ्यापैकी लिहिणारा विद्यार्थी दहा ओळींच्या उताऱ्यावरील प्रश्नात गुण गमावतो. हे अज्ञानामुळे घडत नाही. वाचताना आपण उताऱ्यात नसलेले पुष्कळ काही त्यात घालतो आणि असलेले थोडे सोडून देतो. या दोन्ही सवयी कशा ओळखाव्यात, हे आपण एका उताऱ्याच्या आधारे पाहू. पुढील उतारा एकदा सावकाश वाचा. हातात पेन्सिल घेऊ नका.

‘कोयना नदीवरील धरण सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात आहे. त्याच्यामागे पसरलेल्या शिवसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठवण्यास सुरुवात झाली. त्यानंतर त्या परिसरात भूकंपाचे लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे तेथे मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.३ होती. त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, कोयनानगर परिसरातील बहुसंख्य घरे कोसळली आणि धरणाच्या भिंतीला तडे गेले. मात्र धरण फुटले नाही. तोवर दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जात असे. या भूकंपाचा जलाशयातील पाण्याशी संबंध असल्याचे बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात. धरणाची भिंत पुढे मजबूत करण्यात आली.’

आता उतारा झाकून त्याचा आशय एका वाक्यात सांगा. ‘हा उतारा कोयनेच्या भूकंपाविषयी आहे’ हे उत्तर पुरेसे नाही; तो विषय झाला, आशय नव्हे. जलाशय भरू लागल्यानंतर त्या परिसरात काय घडले आणि त्याचा कोणता अर्थ लावला जातो, हे तुमच्या वाक्यात यावयास हवे. बाजारातील मार्गदर्शक पुस्तके प्रश्न आधी वाचण्याचा सल्ला देतात. मला तो मान्य नाही. प्रश्न आधी वाचले की डोळे उताऱ्यातून केवळ प्रश्नातील शब्द हुडकत फिरतात आणि शब्द सापडला म्हणजे उत्तर सापडले, असे वाटू लागते.

पहिला अभ्यास सर्वनामांचा. उताऱ्यात ‘त्याच्यामागे’, ‘त्यानंतर’, ‘त्याची’, ‘त्यात’ अशी रूपे आली आहेत. ‘धरण’ नपुंसकलिंगी आणि ‘भूकंप’ पुल्लिंगी. प्रथमेत ‘ते’ आणि ‘तो’ असा भेद स्पष्ट राहतो. विभक्तिप्रत्यय लागताच मात्र दोहोंचेही सामान्यरूप ‘त्या-’ होते आणि भेद पुसला जातो. स्त्रीलिंगी नामासाठी ‘तिची’, ‘तिच्यात’ अशी वेगळी रूपे असल्याने तेथे वाचकाला मदत मिळते; येथे ती मिळत नाही. म्हणून ‘त्यात माणसे मृत्युमुखी पडली’ यातील ‘त्यात’ म्हणजे भूकंपात, जलाशयात नव्हे, हे आपल्याला संदर्भावरून ठरवावे लागते. ‘त्यानंतर’ हे रूप तर कोणत्याही एका नामाकडे बोट दाखवीत नाही. ते पाणी साठवण्यास सुरुवात होण्याच्या संपूर्ण घटनेकडे निर्देश करते. सरावाच्या वेळी अशा प्रत्येक रूपाच्या डोक्यावर त्याचा संदर्भ लिहावा. काम कंटाळवाणे आहे, पण आठवडाभर केल्यावर ते मनातल्या मनात होऊ लागते.

आता या उताऱ्यातील खऱ्या अवघड जागेकडे वळू. ‘जलाशयामुळे भूकंप झाला, असे उतारा सांगतो का?’ असा प्रश्न विचारला, तर बहुसंख्य विद्यार्थी ‘होय’ असे लिहितील. तिसरे वाक्य पुन्हा पाहा. तेथे ‘त्यानंतर’ आहे, ‘त्यामुळे’ नाही. पहिला शब्द काळाचा क्रम सांगतो, दुसरा कारण सांगतो. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव पाहण्याची मनाची ओढ इतकी प्रबळ असते की डोळ्यांसमोर ‘नंतर’ असताना आपण ‘मुळे’ वाचतो. धातूला लागणाऱ्या ‘-ल्यावर’, ‘-ल्याने’, ‘-ल्यामुळे’ या रूपांबाबतही हेच होते. त्यातही ‘-ल्यावर’ फसवे आहे. ‘पाऊस पडल्यावर रस्ता खचला’ या वाक्यात काळ आहेच, कारणही सुचवलेले आहे. पण सुचवणे म्हणजे सांगणे नव्हे.

मग जलाशयाच्या संबंधाविषयी उतारा मौन बाळगतो का? तसेही नाही. नवव्या वाक्यात तो संबंध आला आहे, परंतु लेखकाने तो स्वतःच्या नावावर मांडलेला नाही. ‘बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात’ असे म्हटले आहे. ‘शास्त्रज्ञांनी हे सिद्ध केले आहे’ असे उत्तर लिहिणारा ‘बहुतेक’ हा शब्द गाळतो आणि ‘मानतात’ या क्रियापदाच्या जागी अधिक वजनदार क्रियापद बसवतो. शिवाय ‘संबंध’ म्हणजे ‘एकमेव कारण’ नव्हे. नेमके उत्तर असे होईल : ‘जलाशयातील पाणी आणि भूकंप यांचा संबंध असल्याचे बहुतेक भूकंपशास्त्रज्ञांचे मत आहे, असे उतारा सांगतो.’ वाक्य थोडे लांबते. लांबू द्यावे.

‘सुमारे’, ‘च्या आसपास’, ‘बहुसंख्य’, ‘मानले जात असे’ हे शब्द भरतीचे नाहीत. मराठीत ज्ञानाची खात्री किती, हे अशाच लहान शब्दांतून आणि क्रियारूपांतून व्यक्त होते. ‘तो आला आहे’, ‘तो आला असावा’, ‘तो आला म्हणे’ या तीन वाक्यांत घटना एकच आहे, पण पहिल्यात विधान, दुसऱ्यात अनुमान आणि तिसऱ्यात ऐकीव वार्ता आहे. बोलताना आपण हा भेद अचूक पाळतो. वाचताना तो का सुटतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी किंवा शेती सांभाळून शिकत आहात आणि घरातील कागद वाचण्याचे काम तुमच्याकडेच येत असेल. नोटिशीत ‘मुदतीत हरकत न घेतल्यास संमती गृहीत धरण्यात येईल’ असे असते, तेव्हा गप्प राहणे हेही उत्तर ठरते. ‘अर्ज नाकारला जाऊ शकतो’ आणि ‘अर्ज नाकारला जाईल’ यांतील अंतर एखाद्या कुटुंबाला वर्षभर पुरणारे असू शकते. परीक्षेतील उतारा या वाचनाची तालीम आहे.

आणखी एक गोष्ट पूर्वज्ञानाची. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप अनेकांच्या घरी आजही बोलला जातो. तो माहीत असल्याने उतारा समजण्यास मदत होते, पण उत्तरात त्याला जागा नाही. उताऱ्याने जे सांगितले नाही, त्याविषयी ‘ही माहिती उताऱ्यात नाही’ असे लिहिणे हेच पूर्ण उत्तर असते. उदाहरणार्थ, भिंत कोणत्या वर्षी मजबूत करण्यात आली?

सरावासाठी मराठी विश्वकोशातील लहान नोंदी किंवा शालेय भूगोलाची पाठ्यपुस्तके घ्यावीत. रोज एकच उतारा वाचावा आणि त्यावर तीन प्रश्न स्वतः तयार करावेत : एकाचे उत्तर एका वाक्यात सरळ मिळावे, दुसऱ्याचे दोन वाक्ये जोडल्यावर मिळावे, तिसऱ्याचे उताऱ्यात नसावे. हा तिसरा प्रश्न तयार करणेच सर्वांत कठीण जाते. पुढील उताऱ्यापासून आरंभ करा.

‘लोणारचे सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. बेसाल्ट खडकातील या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून त्यातील पाणी खारट आहे. विवर ज्वालामुखीमुळे निर्माण झाले असावे, असेही मत पूर्वी मांडले गेले होते. आता ते उल्काघाताने झाले, असे मानले जाते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले. त्याच वर्षी सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला.’

१. ‘त्यातील’ आणि ‘ते’ ही रूपे कोणासाठी आली आहेत?
२. विवराच्या उत्पत्तीविषयीच्या दोन मतांतील क्रियारूपांची तुलना करा.
३. पाण्याचा रंग बदलल्यामुळे सरोवर रामसर यादीत आले का? उत्तर उताऱ्यातील शब्दांच्या आधारे लिहा.
४. पाणी गुलाबी होण्याचे कारण सांगा.