पहिले चोवीस तास

रात्री वाड्यावर पोलिसांची जीप येते, एखाद्या घराचे दार ठोठावले जाते आणि एका तरुणाला नेले जाते. सकाळी तिठ्यावर निकाल लागलेला असतो. 'काही केल्याशिवाय का पोलीस येतात?' एवढा पुरावा लोकांना पुरतो. संशयित, आरोपी आणि गुन्हेगार हे तीन वेगळे शब्द आहेत आणि तिसरा उच्चारण्याचा अधिकार केवळ न्यायालयाचा आहे, याचे भान कोणास राहत नाही. वृत्तपत्रेही या दोषातून मुक्त नाहीत. 'चोरटा गजाआड' असा मथळा देताना आमचीही लेखणी पुष्कळदा अडखळत नाही.

गोमंतकीयांना तरी हे शोभत नाही. 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहियांना मडगावात सभेतून पकडून नेण्यात आले. त्याच वर्षी त्रिश्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायासनापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. पोलिसाला 'का?' असे विचारण्याची सोय नसणे म्हणजे काय, हे या भूमीने भोगले आहे. 1961 च्या मुक्तीबरोबर आपणांस तो प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला.

हा हक्क घटनेच्या 22 व्या कलमात आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद सोडल्यास, अटक झालेल्यास अटकेचे कारण कळले पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. 20 व्या कलमानुसार स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. अटकेची कारणे लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली स्पष्ट केले.

'मग ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे काय?' असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. परंतु मारहाणीने कबुली मिळते, सत्य मिळतेच असे नाही. म्हणूनच पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून कायदा स्वीकारीत नाही. निरपराध्याने मारापोटी गुन्हा कबूल केला, तर खरा चोर मोकळाच राहतो, आणि ज्याची चोरी झाली त्याच्या पदरीही न्याय पडत नाही.

हे हक्क सर्वांत दुबळे असतात ते या पहिल्या चोवीस तासांत. आत असलेला माणूस भेदरलेला असतो आणि घरचे दिङ्मूढ झालेले असतात. अशा वेळी कायद्याने शेजाऱ्यासाठी एक जागा राखून ठेवली आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले दंडक आज 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. अटकेचा मेमो जागीच तयार झाला पाहिजे आणि त्यावर कुटुंबीयाची अथवा परिसरातील प्रतिष्ठित नागरिकाची साक्ष हवी. अटकेची खबर नातलगास वा मित्रास दिली पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. कोठडीतील कोणासही, त्याचे उत्पन्न न पाहता, मोफत विधिसाहाय्य मिळते. त्यासाठी 15100 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

साक्षीला शेजारी असावा, असे कायदा म्हणतो. आणि जीप आली की आपण खिडकी लावून घेतो! पोलिसांशी हुज्जत घाला, असे आम्ही सुचवीत नाही. तपास हे त्यांचे कर्तव्य आहे आणि ते कठीणही आहे. परंतु कोणत्या स्थानकावर नेत आहात, कारण काय, मेमो केला काय, एवढे सभ्यपणे विचारण्यास आणि सकाळी न्यायालयाच्या आवारात त्या घरच्यांसोबत उभे राहण्यास फार मोठे धैर्य लागत नाही. तो दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवील. तोपर्यंत तो आपल्याच वाड्यावरचा माणूस आहे, याचा विसर पडू नये.