आवाज कुठे गेला?

सिनेमा आपण डोळ्यांनी पाहतो, तसा कानांनीही पाहतो. चित्र आणि आवाज ही बैलजोडी आहे. दोघे मिळून गोष्ट ओढतात. पण कधी कधी एक बैल मुद्दाम सोडून देतात. का बरे?

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला. त्याच्या गाण्यांवर गावोगाव लोक नाचले. त्याचा शेवट आठवा. आर्ची आणि परशाने जातीबाहेर लग्न केलेले. दूर हैदराबादेत त्यांचा संसार. एक दिवस आर्चीचा भाऊ माणसे घेऊन येतो. आईने दिलेल्या भेटवस्तू आणतो. आर्ची चहा करते. आपल्याला वाटते, राग निवळला असेल.

खून होताना दाखवलेलाच नाही. शेजारीण लहानग्या पोराला दारात सोडून जाते. पोर आत जाते. आईबाप रक्तात पडलेले. पोर रडते. तोंड उघडे दिसते, पण रडणे ऐकू येत नाही. संगीतही नाही.

तिथे दुःखाची सनई वाजली असती, तर आपण डोळे पुसून मोकळे झालो असतो. आवाज काढून घेतला, म्हणून नजर हलवता येत नाही. पोर वळते, बाहेर चालू लागते. मागे फरशीवर लाल पावले उमटतात. एवढीएवढीशी.