रिकामी जागा हातात कशी धरायची? घराच्या आतली जागा आणि हाताने केलेली मॉडेल्स

मंडळी, घर बांधायचं ठरलं की अमरावतीत काय आणि अकोल्यात काय, आधी हातात नकाशा येतो. त्यावर लिहिलेलं असतं, हॉल 10 बाय 14, किचन 8 बाय 10. आपण मान डोलावतो. पण खरं सांगा, तो हॉल मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता कसा वाटेल, हे त्या आकड्यांवरून कळतं का? कळतं ते स्लॅब टाकून झाल्यावर. तोवर कर्ज डोक्यावर बसलेलं असतं. म्हणून आज आपण भिंतींबद्दल कमी आणि त्यांच्या आतल्या रिकाम्या जागेबद्दल जास्त बोलू. आपण राहतो ते त्या रिकाम्या जागेत.

बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली मॉडेल असतं, ते विकण्यासाठी. ते आपण घारीसारखं वरून बघतो. आपल्याला हवं आहे ते प्रश्न विचारायचं मॉडेल, आत डोकावून बघायचं. आणि गंमत अशी, की प्रत्येक साहित्य वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं.

पहिला पुठ्ठा. एक फुटाला अर्धा इंच हे माप धरा, म्हणजे आपला हॉल 5 बाय 7 इंचांचा झाला. छत उचलता येईल असं ठेवा. आता भिंतीला दोन भोकं पाडा. एक जमिनीपासून अडीच इंचांवर, ही उभ्या माणसाची नजर. दुसरं सव्वा इंचावर, ही खाली बसलेल्याची. मोबाईलचा कॅमेरा तिथे लावून बघा. खिडकीची खालची कड तीन फुटांवर असेल, तर खाली बसून निवडणं-टिपणं करणाऱ्या माणसाला समोर नुसती भिंत दिसते. नकाशात हे कुठेच लिहिलेलं नसतं.

याच मॉडेलवर ऊनही तपासता येतं. अकोला, अमरावती साधारण 21 अक्षांशावर. मे महिन्याच्या 23 ते 25 तारखांच्या आसपास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. डिसेंबरात मात्र दुपारी सूर्य साधारण 46 अंशांपर्यंतच चढतो, मग ऊन छज्ज्याखालून आत येतं. थंडीत ते हवंच असतं. आता पश्चिमेची खिडकी घ्या. मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून 25 अंशांच्या आसपास असतो. त्याच दोन फुटांच्या छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम एक फूट उतरते, बाकी सगळं ऊन आत. खोलीत अंधार करा, मॉडेलपासून चार फूट लांब आणि दोन फुटांना थोडा कमी उंच टॉर्च धरा. ऊन कुठवर जातं ते दिसेल.

दुसरं साहित्य माती. पुठ्ठ्याची एक खोड आहे, त्यात प्रत्येक भिंत कागदासारखी पातळ वाटते. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं पांढऱ्या मातीची, भिंत दोन-दोन फूट जाडीची. आपल्या मापात ती भिंत एक इंच होते. शाडू मातीत ती करून बघा आणि अंगठ्याने कोनाडा दाबा. लगेच लक्षात येतं, की भिंतीची जाडी हीसुद्धा वापरायची जागा आहे: दिवा, देव, डबे, बसायला खिडकीचा कट्टा. अशा भिंतीतून दुपारचं ऊन आत झिरपायला बराच वेळ लागतो, म्हणून गारवा. पण जुनं ते सोनं म्हणून थांबू नका. त्याच मॉडेलमध्ये डोकावलं की माजघर किती अंधारं होतं तेही दिसतं. गारवा ठेवायचा आणि उजेड वाढवायचा, खरा प्रश्न हा आहे.

तिसऱ्या काड्या. बांबूच्या घ्या, नाहीतर शेतातल्या सरळ तुराट्या घ्या. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. चारी बाजूंनी मोकळी, तरी खांबांमध्ये उभं राहिलं की आपण 'आत' आहोत असं वाटतं. का? डोक्यावर छत आहे आणि खांबांनी कड आखली आहे. काड्यांचं मॉडेल हेच शिकवतं: ओसरीला भिंत लागत नाही.

चौथं प्लास्टर, आणि हे सगळ्यात अजब. 1952-53 च्या सुमारास लुइजी मोरेत्ती या इटालियन वास्तुकाराने जुन्या इमारतींच्या आतल्या पोकळीचीच प्लास्टरची मॉडेल्स केली. भिंती गायब, हवा भरीव! 1993 मध्ये लंडनला रेचल व्हाइटरीड यांनी एका खऱ्या घराच्या आत काँक्रीट फवारून बाहेरच्या भिंती काढून टाकल्या होत्या. आपण लहान प्रमाणात करू. पुठ्ठ्याच्या घराच्या फटी टेपने बंद करा, आतून तेल लावा, प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, सुकल्यावर पुठ्ठा सोला. (घट्ट होताना ते तापतं, त्यात हात ठेवू नका. उरलेलं मोरीत ओतू नका.) जुन्या वाड्याचं असं केलं तर देवडीचा ठेंगणा तुकडा, मग चौकाचा मोठा, मग ओसरीचा, अशी चढउतार हाताला लागते. नव्या फ्लॅटचं केलं तर बहुतेक सारख्या उंचीचे ठोकळे आणि मध्ये पॅसेजची पट्टी. त्या पट्टीचेही पैसे आपण मोजलेले असतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी? नकाशा घरातल्या सगळ्यांना वाचता येत नाही. ज्या आजी, ज्या आई, ज्या वहिनी त्या घरात सगळ्यात जास्त वेळ काढणार, त्यांना कागद दाखवला की त्या म्हणतात, 'तुम्ही पाहा, आम्हाले काय समजते त्यातलं.' पण मॉडेलच्या भोकातून डोकावल्या की लगेच म्हणतात, 'अवो, गॅससमोर ऊन येते की!' पुठ्ठ्यात खिडकी हलवायला कटर आणि पाच मिनिटं लागतात. विटांत बसली की ती तिथेच राहते.

तेव्हा या आठवड्यात टेप घ्या, आपलीच एक खोली मोजा आणि ती पुठ्ठ्यात करून बघा. राहत्या खोलीपासून सुरुवात केली की मॉडेल कुठे खरं बोलतं हे पडताळून पाहता येतं.